काडी बांधापलीकडे गेली की…
लेखमाला : शहापूर-मुरबाडची फळझाडं (भाग नववा)

मागच्या भागात 1990-91 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेबद्दल वाचलंत. त्या योजनेतून आपल्या वरकस जमिनीत कलमं आली, पण वाण बहुतेक बाहेरचेच होते: हापूस, केसर, वेंगुर्ल्याच्या केंद्रातले काजू. एका वाचकाने नेमकं विचारलं आहे, की नवं फळ काढायचं ते सरकारी केंद्रानेच का? आपल्यासारख्या घरातून निघत नाही का?

निघतं. मात्र ठाणे जिल्ह्यातून उठून त्यासाठी सोलापूरला जावं लागेल.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे हे द्राक्षबागायतदार. थॉमसन सीडलेस या परदेशी जातीच्या वेलींमध्ये त्यांना लांबट मण्यांचा वेगळा माल दिसला आणि त्यातून ‘सोनाका’ आली. किशमिश चोर्नी या काळ्या द्राक्षातून त्यांनी ‘शरद सीडलेस’ काढली. पुढे मुलगा दत्तात्रय काळे यांनी ‘सरिता’, ‘नानासाहेब पर्पल’, ‘किंग बेरी’ अशी भर घातली. त्याच थॉमसनमधून सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना ‘तास-ए-गणेश’ मिळाली, तर सोलापूरच्या दबडे यांना ‘माणिक चमन’. महाराष्ट्राच्या द्राक्षबागांचा मोठा भाग आज अशा शेतकऱ्यांनी हेरलेल्या जातींवर उभा आहे.

हेरलेल्या म्हणतो ते मुद्दाम. यातल्या बहुतेक जातींत परागीकरण, संकर असलं काही नाही. वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो आणि त्यातून फुटलेल्या फांदीचा माल निराळा येतो. हजारो घडांमधून तो घड डोळ्यांत भरला पाहिजे, ही पहिली पायरी. दुसरी जास्त चिवट आहे. तो निराळेपणा खताने, पाण्याने किंवा विरळणीने आला असेल, तर पुढच्या वर्षी तो नाहीसा होतो. म्हणून त्या फांदीच्या काड्या दुसऱ्या खुंटांवर भरायच्या, त्यांना फळ येईपर्यंत थांबायचं, आणि त्या झाडांच्या काड्या घेऊन पुन्हा भरायच्या. दरवेळी तेच फळ आलं तरच त्याला जात म्हणता येतं. यात सहज काही वर्षं जातात आणि तोवर घर चालवायला जुनीच बाग लागते. असं काम बापाकडून मुलाकडे का जातं, ते यावरून कळावं.

कष्टाचा पैसा मात्र याच पायरीवर निसटतो. कलम म्हणजे मूळ झाडाचीच प्रत. शेजाऱ्याने एकदा काडी नेली की त्याची बाग तुमच्याइतकीच अस्सल, आणि त्याच्याकडून नेणाऱ्याचीही. बियाण्याच्या कंपनीला संकराचे पालक दडवून ठेवता येतात, फळझाडाचं तर सगळं गुपित विकलेल्या पहिल्याच रोपात असतं.

अमेरिकेतल्या स्टार्क घराण्याने यावर मजेशीर इलाज केला होता. 1816 पासून चालत आलेली ही रोपवाटिका. 1914 साली त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातलं पिवळ्या सफरचंदाचं एक झाड 5,000 डॉलरला विकत घेतलं आणि त्याभोवती पिंजरा उभारून धोक्याची घंटा लावली. तेच आजचं ‘गोल्डन डिलिशस’. पण पिंजरा मूळ झाडापुरता! कलमं बाजारात गेल्यावर त्याचा काय उपयोग? अखेर 1930 मध्ये तिथे फळझाडांना पेटंट देणारा कायदा झाला.

आपल्याकडे त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, 2001 साली, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आला. वाण वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा असल्याचं सिद्ध झालं तर नोंदणी मिळते; झाडं आणि वेलींना जास्तीत जास्त 18 वर्षं संरक्षण असतं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळेचे नवनाथ मल्हारी कसपटे यांनी याच कायद्याखाली आपल्या सीताफळाची नोंदणी करून घेतली. ‘एनएमके-1 गोल्डन’ या नावातली अक्षरं त्यांच्याच नावाची आहेत. सोनेरी साल, मोजक्या बिया, काढणीनंतर जास्त दिवस टिकणारं फळ. त्यांची ‘मधुबन’ रोपवाटिका या जातीवर नावारूपाला आली. हीच जात दुसरे विनापरवाना विकतात, ही तक्रार त्यांनाही करावी लागलीच. कागद हातात असला तरी प्रत्येक रोपवाटिकेत जाऊन पाहणार कोण? महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे, परवाना लागतो. तरी खरेदी करताना मातृवृक्ष दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक मला क्वचितच दिसलं आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे द्राक्ष नाही, पण जांभूळ आहे. पालघरच्या बहाडोली गावाने आणि मुरबाडच्या शेजारच्या बदलापूरने आपापल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळवलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही जात दिली. टोकावडे, धसई, डोळखांबच्या बाजूला बांधावर, ओढ्याकाठी आणि जंगलात बियांपासून आलेली जांभळं विखुरलेली आहेत. कुठलं झाड मोठ्या गराचं, कुठलं तुरट, कुठलं आधी पिकतं, हे जांभळं विकायला आणणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांना तोंडपाठ असतं. काळे-कसपटे यांची पहिली पायरी इथे अनेकींनी कधीच ओलांडली आहे. दुसऱ्या पायरीला खुंट, पाणी, जागा आणि काही वर्षांची उसंत लागते, तिथे गाडं अडतं.

समजा उद्या कुणी अशा झाडाची काडी नेऊन कलमं बांधली आणि जात नोंदवली, तर मालक कोण? याचीही सोय 2001 च्या कायद्यात आहे. वाण घडण्यात गावाचा किंवा स्थानिक समाजाचा वाटा असेल, तर त्यांच्या वतीने कुणीही दावा दाखल करू शकतो, आणि दावा मान्य झाल्यास नोंदणीधारकाला जनुक निधीत रक्कम भरावी लागते. मात्र झाड कुठे उभं आहे आणि त्याची फळं कोण, केव्हापासून खातं, हे आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल, तर दावा उभा राहतो. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही त्यासाठीच असते. पुढच्या भागात तीच उघडून पाहू.