ओएलईडी दृश्यपटलातील वीजपुरवठा व प्रतिमेची एकरूपता

चंद्रपूरची वीज ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत नेताना तारांच्या रोधामुळे काही ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. १९९९ साली कार्यान्वित झालेल्या सुमारे ७५२ कि.मी. लांबीच्या दिष्ट प्रवाह वाहिनीत हा व्यय मर्यादित राहावा म्हणून ±५०० किलोव्होल्ट दाब योजिला आहे. ओएलईडी दृश्यपटलात तोच प्रश्न काही सेंटिमीटरांत उद्भवतो. नियम ओहमचाच, मात्र चित्रबिंदूंना मोजकेच व्होल्ट चालत असल्याने तेथे हा उपाय लागू पडत नाही.

ओएलईडीची दीप्ती प्रवाहावर ठरते. पुरवठ्याच्या टोकापासून दूर असलेल्या चित्रबिंदूंपाशी दाब घटतो. चालक ट्रान्झिस्टरचा सोर्स पुरवठा-वाहिनीस जोडलेला असल्यास गेट व सोर्स यांमधील दाबही तितकाच घटतो. संपृक्त अवस्थेत या दाबातून उंबरठा-दाब वजा करून उरणाऱ्या राशीच्या वर्गाच्या प्रमाणात प्रवाह वाहतो; म्हणून अल्प घटही डोळ्यांस जाणवते. पडदा जितका उजळ, तितका हा दोष ठळक. पुरवठ्याचा दाब नुसता वाढविल्यास उष्णता वाढते, तफावत मात्र उरतेच. वाहिन्यांची जाळी विणणे व दोन्ही कडांनी वीज देणे हेच मूलगामी उपाय होत. चित्रबिंदूतील भरपाई-परिपथ राहिलेला फरक बराचसा सावरून घेतो.