शब्दयाद्यांची पडताळणी

दोन भाषांचे नाते ठरवावयास बसलेल्या माणसाला प्रथम मोहात पाडते ते साम्य, आणि प्रथम संशय घ्यावा लागतो तोही साम्याचाच. दक्षिण अमेरिकेतील आरावाक व कारिब कुळांच्या शब्दयाद्या शेजारी शेजारी मांडून मी ताडून पाहू लागलो, तेव्हा मका, तंबाखू, होडी असल्या जिनसांची नावे, व्यापाराबरोबर ती या मुलुखातून त्या मुलुखात सहज जातात म्हणून, आधीच बाजूस काढावी लागली. उरले डोळा, जीभ, हात, पाणी, आणि 'माझा', 'तुझा' दर्शविणारे उपसर्ग. काम निव्वळ कारकुनी. नजर शिणते, आणि पानेच्या पाने चाळूनही हाती काही लागत नाही. मग केव्हातरी भेदच नियमाने वागताना दिसू लागतो, आणि नात्याचा खरा दाखला तोच.

हे मर्म ओळखणारा फिलिप्पो साल्वातोरे जिली हा इटालियन जेझुइट धर्मोपदेशक ओरिनोको नदीकाठी सुमारे अठरा वर्षे राहिला, आणि 1767 मध्ये स्पेनच्या राजाच्या हुकुमाने त्याच्या संघाची हद्दपारी झाल्यावर रोमला परतून त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या 1782 च्या तिसऱ्या खंडात तो नोंदवितो की, कारिब लोक जेथे 'स' उच्चारतात तेथे तामानाको लोक 'च' उच्चारतात. वाडग्याला ते म्हणतात 'सरेरा', हे म्हणतात 'चरेरा'. याच शोधक दृष्टीने त्याने ओरिनोकोवरील मायपुरे आणि दूर दक्षिणेस, आजच्या बोलिव्हियातील, मोहो या आरावाक कुळातील भाषांचे नाते ओळखले. पुढे कार्ल फॉन डेन श्टाइनेन या जर्मन संशोधकाला 'माझा' या अर्थाचा 'नु' हा उपसर्ग या कुळाच्या इतक्या भाषांत आढळला की कुळाच्या नावातच त्याने तो गोवला. कोलंबसाला 1492 मध्ये भेटलेल्या ताइनो लोकांची भाषाही याच कुळातली.

या कुळाचा इतका विस्तार झाला कसा? मूळ स्थानाविषयी एकमत नाही. पण ओरिनोको आणि रिओ नेग्रो यांना जोडणारा कासिकियारे हा नैसर्गिक प्रवाह नकाशात पाहिला, की होडीने जाणाऱ्या लोकांना केवढा मुलूख खुला होता ते ध्यानी येते.

विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाविषयी उद्गार काढले ते जिलीच्या त्या खंडानंतर, 1786 मध्ये, आणि त्यात ध्वनिनियमांचा तक्ता नव्हता. भाषाशास्त्राचे पहिले प्रकरण जोन्सपासून आरंभणाऱ्या आपल्या ग्रंथकारांनी जिलीला जोन्सच्या आधीची जागा द्यावी.