आयत्या अर्थांचा घाट

वाराणसीच्या रामघाटावर कॅनव्हास मांडून बसणाऱ्याची पहिली अडचण रंगांची नसते, आयत्या अर्थांची असते. दिवा दिसला की श्रद्धा, होडी दिसली की आयुष्याचा प्रवास, दक्षिणेला मणिकर्णिकेचा धूर दिसला की मृत्यू. मराठी माणसाचं तर आणखी कठीण. एका बाजूला मेहता घाट, दुसऱ्या बाजूला जटार घाट, पलीकडे भोसले आणि शिंद्यांचे घाट. म्हणजे इतिहासही मांडीला मांडी लावून बसतो. या गर्दीत मनातून आलेलं, उत्स्फूर्त चित्र काढायचं तर काय करायचं?

याच शहरात एका मराठी चित्रकाराची या प्रश्नाशी गाठ पडली होती. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडले आणि १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात वाराणसीच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये विणकरांसाठी डिझाइनचं काम करत होते. तिथे त्यांचा तंत्रविद्येतल्या प्रतिमांशी परिचय झाला, आणि त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत त्या ठळकपणे उतरल्या. पण पुढे त्यांनी ती चिन्हं मागे सोडली. घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या वस्तू पोकळीत तरंगू लागल्या. मला हे वळण फार महत्त्वाचं वाटतं. तंत्रातला त्रिकोण शतकांचा अर्थ बरोबर घेऊन येतो. पान काहीच आणत नाही. त्याचा अर्थ चित्रातच, शेजारच्या वस्तूकडे बघत घडवावा लागतो. ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात बरव्यांनी प्रतिमा कशी सुचते, कशी बदलते याचा मराठीत दुर्मीळ असा विचार केला आहे.

बरवे एनॅमल रंग वापरत. आज असं चित्र करून पाहणाऱ्याच्या हाती बहुधा अ‍ॅक्रिलिक असतं, आणि ते या कामाला सोयीचंही आहे. रंगद्रव्य, अ‍ॅक्रिलिक रेझिनचे सूक्ष्म कण आणि पाणी असं ते मिश्रण. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून पातळ पापुद्रा तयार होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून पातळ थर अर्ध्या तासात कोरडा होतो आणि त्यावर दुसरा दिला तरी खालचा रंग चिखलासारखा कालवला जात नाही. तैलरंगात यासाठी दिवस मोजावे लागतात. चुकीची भीती नसली की हात मोकळा चालतो. मात्र ओला रंग थोडा दुधाळ दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. तेव्हा निर्णय वाळल्यावरच घ्यावा. वाराणसीच्या मे महिन्यात तर पॅलेटवरचाच रंग घट्ट होईल. पाण्याचा फवारा जवळ हवा, नाहीतर सुकणं लांबवणारं रिटार्डर.

रेखाटन नको. दोन-तीन रंग, रुंद ब्रश, एक ओलं फडकं, एक नाइफ. लावा, पुसा, खरवडा. सुरुवातीचा गोंधळ होऊ द्यावा, पण वाळल्यावर कॅनव्हास चारही बाजूंनी फिरवून पाहावा, लांब ठेवावा. नको ते टायटॅनियम व्हाइटसारख्या अपारदर्शक रंगानं झाकावं. हवं ते पारदर्शक थराखाली राहू द्यावं. उत्स्फूर्तता म्हणजे न बघता रंगवणं, हा गैरसमज मला खटकतो. रंग लावण्यापेक्षा बघण्यातच जास्त वेळ जायला हवा. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि नाइफनं रंग चढवत, उतरवत. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत. बाकीचा काळ रिकामा होता असं कोण म्हणेल?

आता अर्थ. डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून पाहा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसतील, असं लिओनार्दो दा विंची चित्रकारांना सांगत असे. रामघाटावर दरवर्षी पुराचं पाणी चढून ओसरतं. तसल्या भिंतींची तिथे वानवा नाही. पण मेंदूला कशातही चेहरा शोधायची खोड असते, आणि पहिला सापडलेला आकार बहुतेकदा सर्वात आळशी असतो. डागात पक्षी दिसला म्हणून चोच आणि डोळा काढला की चित्र तिथेच संपलं. काढू नये. दुसऱ्या दिवशीही तो पक्षीच दिसतो का, की तिथला निळा रंग कडेला ढकललाय हे जास्त जाणवतं, ते बघावं. आपण पुन्हा पुन्हा कुठली जागा झाकतो, कुठली उघडी ठेवतो, त्यात त्या चित्राचा अर्थ आकाराहून अधिक असतो.

वाराणसीनं प्रत्येकाला वेगळं दिलं. रामकुमार १९६०च्या सुमारास हुसेन यांच्याबरोबर तिथे गेले. आधी उदास शहरी माणसं रंगवणाऱ्या या चित्रकाराच्या कॅनव्हासवरून नंतर माणसंच नाहीशी झाली, उरले घरांचे आणि नदीचे राखाडी तुकडे. जे. जे.मध्येच शिकलेले मनू पारेख १९८०मध्ये गेले, आणि त्यांनी देवळं, फुलं, दिवे टाकून दिले नाहीत. रात्रीच्या रंगांत ती दशकानुदशकं रंगवली. म्हणजे आयतं चिन्ह नेहमी टाकावंच लागतं असं नाही, हे माझ्याच वरच्या म्हणण्याविरुद्ध जातं. पण पारेखांइतका काळ त्या दिव्याशी झगडायची तयारी हवी.

राहिला शीर्षकाचा प्रश्न. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांतल्या खोडाखोडीतूनच विचित्र प्राणी आणि चेहरे उभे राहिले; १९३०मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं, आणि चित्रांना नावं द्यायला ते तयार नसत. आपल्या चित्राला निदान महिनाभर तरी नाव देऊ नये. सहीसुद्धा शेवटी करावी, कारण सही पडली की चित्राची वरची बाजू ठरते आणि मग ते फिरवून बघायची सोय राहत नाही.