बॉम्बऐवजी सायबर हल्ला का?

मी नेटवर्क सिक्युरिटीत काम करते. परवा भाचीने विचारलं, "मावशी, एखादा देश सायबर हल्ला करायचं ठरवतो तरी कसं?" मी तिला २०१९ चं उदाहरण दिलं.

२० जूनला इराणने अमेरिकेचं ग्लोबल हॉक ड्रोन पाडलं. अमेरिकेची हवाई हल्ल्याची तयारी झाली होती. १५० माणसं मरतील म्हणून तो थांबवला, असं ट्रम्प यांनीच सांगितलं. त्याच दिवशी इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डच्या संगणक यंत्रणांवर अमेरिकेने सायबर हल्ला केल्याच्या बातम्या नंतर आल्या.

प्रत्युत्तर दिलं, पण रक्त न सांडता.

मात्र हे ऐनवेळी जमत नाही. शत्रूच्या यंत्रणेत आधीपासून शिरून बसावं लागतं. वार केला की समोरचा सावध होतो, आपण शिरलो ती फट बुजवतो, आणि हेरगिरीही बंद पडते. गुपचूप ऐकत राहायचं की वार करायचा? माझ्या मते सगळ्यात अवघड निर्णय हाच.