माईकची वायर : एका तारेची की दोन तारांची?

जुम्याच्या खुत्ब्यात किंवा सीरतच्या जलशात लाउडस्पीकर भुणभुणू लागला की जमातीत पहिली सूचना येते ती अँप्लिफायर बदलण्याची. वर्गणी निघते, नवे यंत्र येते आणि भुणभुण तशीच राहते. पुष्कळदा दोष माईकपासून यंत्रापर्यंत जाणाऱ्या वायरमध्ये असतो. कापडे, पोलादपूर, महाड या पट्ट्यात साउंड भाड्याने देणारे कारागीर आणि मशिदीचा खर्च पाहणारी मंडळी यांच्यासाठी ही माहिती देत आहोत. धंदा आमचा कापडाचा. पण पीळ आणि वीण आम्हाला कळते, आणि या वायरीचे मर्म त्यातच आहे.

साध्या म्हणजे अनबॅलन्स्ड वायरीत मध्ये एक तार व तिच्याभोवती तांब्याची जाळी असते. आवाज तारेतून जातो आणि जाळीतून परततो. बाहेरची वीज जाळीत शिरली की ती आवाजातच मिसळते. माईकचा आवाज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढा, आणि शेजारी पंख्याच्या वायरीत २३० व्होल्ट! टेपरेकॉर्डर किंवा मोबाईलपासून यंत्रापर्यंत दोन-तीन मीटरला ही वायर चालते, तिथे जादा पैसे घालू नयेत. मिम्बरपासून वीस मीटर ओढायची असेल तर मात्र घेऊ नये.

बॅलन्स्ड वायरीत जाळीच्या आत दोन तारा एकमेकींना पीळ देऊन असतात. एकीत आवाज सुलटा, दुसरीत उलटा. पिळामुळे बाहेरची भुणभुण दोन्ही तारांत सारखीच शिरते. यंत्र दोन्ही तारांतील फरक तेवढा घेते; सारखी असलेली भुणभुण वजा होते, आवाज उरतो. त्यामुळे पन्नास मीटरवरूनही खुत्बा स्वच्छ ऐकू येतो. यासाठी माईक व यंत्राचे इनपुट दोन्ही बॅलन्स्ड हवेत. यंत्राला एक्सएलआरची तीन छिद्रांची जागा आहे का, हे आधी पाहावे.

खरेदीला जाताना चाकू आणि लोहचुंबक न्यावे. धागा जाळून आम्ही सुती व पॉलिएस्टर ओळखतो, तशीच तारही ओळखता येते. खरवडल्यावर आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. चुंबकाला चिकटली तर लोखंडाची. दोन्ही परत ठेवाव्यात. जाळी विरळ विणीची नको. वायर वाकवली की आतला रंग डोकावतो ती वीण खोटी. वर्खाचे वेष्टण भिंतीत कायम बसवायला चांगले, पण रोज गुंडाळायच्या वायरीला विणलेली जाळीच टिकते.

जोडणीचा नियम जगभर एकच आहे. एक्सएलआरच्या १ नंबरला जाळी, २ ला सुलटी तार, ३ ला उलटी. तीन भागांच्या मोठ्या पिनेत टोकाला सुलटी, मधल्या कड्याला उलटी, मागच्या नळीला जाळी. टोपी व रबर आधी वायरीत ओवून घ्यावे. डाग दिल्यावर आठवले तर सारे सोडवावे लागते. डागासाठी २५ वॅटची इस्त्री व रेझिनचे शिसे पुरे. आम्लाचा फ्लक्स वापरू नये, आमच्या कोकणच्या पावसात तो सांधा खातो. शेवटी मीटर लावून १-१, २-२, ३-३ वाजते का पाहावे, आणि आपापसांत एकही वाजता कामा नये.

जुन्या यंत्राला दोन भागांची पिनच लागत असेल तर काय करावे? तरीही वायर दोन तारांचीच घ्यावी. पिनेच्या टोकाला २ ची तार, आणि ३ ची तार व जाळी मिळून नळीला. माईकच्या बाजूला मात्र तिन्ही वेगळ्या ठेवाव्यात. पूर्ण बॅलन्स्डचा फायदा यात नाही, पण उद्या नवे यंत्र आले तर फक्त पीन बदलावी लागेल. ज्या माईकला यंत्राकडून ४८ व्होल्टची वीज लागते, त्याला ही युक्ती चालत नाही. त्याला बॅलन्स्ड इनपुटच हवे.

एक धोक्याची गोष्ट. भुणभुण घालवण्यासाठी काही जण यंत्राच्या प्लगमधील अर्थिंगची तार कापतात. भुणभुण जाईल, पण यंत्रात विजेचा दोष झाला तर माईकची धातूची मूठ जिवंत होते, आणि ती खतीब साहेबांच्या हातात असते. अर्थिंग कधीही काढू नये. दोन यंत्रे जोडल्यावरच भुणभुण येत असेल तर दोन्हींना एकाच बोर्डावरून वीज द्यावी; तरीही राहिली तर मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. माईकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नये, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.