भिंतींचा रंग : गडद की फिका ?

दिवाळी जवळ आली, की घर रंगविण्याचा विषय निघतो. आणि हल्ली गडद निळ्या वा हिरव्या रंगाचा मोह पुष्कळांस पडतो. नमुन्यांच्या पुस्तकात असा रंग भारदस्त दिसतो, यात संशय नाही. परंतु बोटभर कागदावरील रंग आणि चार भिंतींवरील रंग यांत फार अंतर आहे; कारण भिंत ही शोभेची वस्तू आहे, त्याहून अधिक ती प्रकाशाचे साधन आहे.

पांढरी भिंत अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत करते. गडद निळी जेमतेम १० टक्के. प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर जातो, तेव्हा हे अंतर गुणाकाराने वाढते. दोन भिंतींवरून परतल्यावर पांढऱ्या खोलीत शंभरापैकी ६४ भाग उरतात, गडद खोलीत अवघा एक ! जुन्या वाड्यांतील माजघरास बाहेरची खिडकी बहुधा नसे; चौकातून येईल तेवढ्या उजेडावर तेथील व्यवहार चालत. तेथील चुन्याच्या सफेतीने स्वच्छतेबरोबर हा लाभही साधत असे.

घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. नातवास पुरेसा वाटणारा उजेड आजीबाईंस पोथी वाचावयास अपुरा पडतो, तो यामुळे. आणि पोथी मिटताना त्या दोष देतात तो आपल्या चष्म्यास.

मग गडद रंग त्याज्यच मानावा काय ? मुळीच नाही. सर्वच फिके असल्यास मंद नजरेस कडा उमगत नाहीत. फिक्या भिंतीत गडद चौकट, फिक्या पायरीच्या कडेस गडद पट्टा, एवढ्याने ठेच चुकते. भरपूर उजेडाच्या दिवाणखान्यात एखादी भिंत गडद केली, तरी बिघडत नाही. मात्र पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीस तो रंग देऊ नये. लोणा चढला, की त्याचे पांढरे डाग गडद रंगावर अधिकच उठून दिसतात.

रंग ठरविण्यापूर्वी हातभर पुठ्ठा त्या रंगाने रंगवून खोलीतील सर्वांत अंधाऱ्या भिंतीवर टांगावा. सकाळी, दुपारी व दिवेलागणीस पाहावा. आणि घरात जे सर्वांत वृद्ध असतील, त्यांस तेथे बसवून, ‘हा रंग चालेल ना ?’ असे विचारावे. पसंती तरुणांची असो. परीक्षा मात्र त्यांच्या डोळ्यांनी व्हावी.