नावेवरील बॅटरी कां भरत नाहीं ?

काठीपासून उत्तरेस सातपुड्याचे डोंगर ओलांडून गेलें कीं नर्मदा नदी लागते. पूर्वीं ती दरीच्या तळाशीं खडकांमधून वाहत असे. सरदार सरोवर धरणामुळें आतां तेथें विस्तीर्ण जलाशय झाला आहे. इ. स. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत त्याचें पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोंचलें. आपल्या जिल्ह्यांतील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गांवांना या धरणाची झळ लागली. जेथें पायवाट होती तेथें पाणी आलें, आणि कित्येक पाड्यांना नाव हाच रस्ता झाला. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनीं २०२० सालीं स्वतः नाव वल्हवीत बालकांपर्यंत व गर्भवती मातांपर्यंत आहार पोहोंचविला, हें वृत्त आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. तरंगता दवाखानाही याच पाण्यावरून रुग्णांच्या भेटीस जात आला आहे.

वल्ह्याच्या नावेस बॅटरी लागत नाहीं. यंत्राच्या बोटीस मात्र ती पदोपदीं लागते. इंजिन सुरू करणें, रात्रीं दिवा लावणें, तळाशीं सांचलेलें पाणी पंपानें उपसणें, इतकीं कामें तिच्यावर अवलंबून असतात. प्रसूतीच्या वेणा सुरू झालेली एखादी स्त्री रात्रीच्या वेळीं बोटींत असतां दिवा मालवला आणि इंजिन पुन्हां सुरू होईना, तर काय प्रसंग ओढवेल याची कल्पना करावी. तेव्हां बॅटरी कां भरत नाहीं हा प्रश्न केवळ मिस्त्रीचा नसून सर्वांचा आहे. “बॅटरी गेली” असें म्हणून नवी आणणें ही सर्वत्र रूढ झालेली रीत आहे. परंतु नवी बॅटरी म्हणजे गरिबाची कित्येक दिवसांची मजुरी. आणि दोष तिच्यांत नसून तिच्यापर्यंत वीज आणणाऱ्या वाटेंत असला, तर नवीही थोड्याच दिवसांत जुनीच्या वाटेनें जाते. यास्तव आधीं मोजावें व मग खर्च करावा, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम बॅटरी म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. बोटींवर व मोटारींत बहुधा वापरतात ती शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें इ. स. १८५९ मध्यें सिद्ध केली. तिच्या घडणींत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी मूळ तत्त्व तेंच आहे. शुद्ध शिशाचे व शिशाच्या ऑक्साइडचे पत्रे पातळ गंधकाम्लांत बुडविलेले असतात. वीज खर्च होऊं लागली म्हणजे अम्लांतील गंधकाचा अंश दोन्ही पत्र्यांवर जाऊन बसतो व अम्ल पातळ होतें. बाहेरून उलट दिशेनें वीज आंत सोडली म्हणजे तो अंश पुन्हां अम्लांत परततो. अशा एका कप्प्याचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक असतो. सहा कप्पे एकापुढें एक जोडले कीं १२ व्होल्टची बॅटरी होते. ती आपल्या घरांतील कणगीसारखी आहे. कणगी धान्य पिकवीत नाहीं, सांठविते; आणि जेवढें भरलें त्याहून कांहीं कमीच हातीं लागतें.

म्हणून पहिला विचार जमाखर्चाचा. समजा, एका बोटीवर ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे. १२ वॅटचा एक दिवा १ ॲम्पिअर वीज घेतो. तो दहा तास जळला तर १० ॲम्पिअर-तास खर्च झाले. ४८ वॅटचा शोधदिवा ४ ॲम्पिअर घेतो. तो दोन तास लावला तर आणखी ८. एकूण खर्च १८. आतां जमेकडे पाहूं. छपरावरील ४० वॅटची सोलर प्लेट चांगल्या उन्हांत सुमारें २ ॲम्पिअर देते. पांच तासांचें भरपूर ऊन धरलें तर जमा १०. म्हणजे रोज ८ ची तूट, आणि आठवडाभरांत कणगीचा तळ दिसूं लागणार ! येथें एकही वस्तु नादुरुस्त नाहीं. पावसाळ्यांत आभाळ भरून आलें म्हणजे प्लेटची जमा चौथाईवरही येते. असा हिशेब करून दिवे कमी शक्तीचे लावावे, किंवा प्लेट मोठी घ्यावी.

जमाखर्च जुळत असूनही बॅटरी रिकामी राहत असेल, तर मल्टीमीटर हातीं घ्यावा. हा लहानसा मापक शाळेच्या प्रयोगशाळेंत विद्यार्थ्यांनीं हाताळलेला असतोच. इंजिन, दिवे व प्लेट यांचा संबंध तोडून बॅटरीस रात्रभर विसांवा द्यावा व सकाळीं दाब मोजावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट आले तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास आले तर सुमारें निम्मी, आणि १२ च्या खालीं आले तर ती जवळजवळ रिती समजावी. नंतर इंजिन सुरू करून बॅटरीच्या टोंकांवरच पुन्हां मोजावें. आंकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला, तर वीज येत आहे. तो मुळींच चढला नाहीं, तर वीज वाटेंतच कोठेंतरी अडली आहे. आणि १५ च्याही वर गेला, तर दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला असून बॅटरींतील पाणी उकळून आटत असलें पाहिजे.

वीज अडली असेल तर तिच्या उगमापासून वाट धरावी. इंजिनावर वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्रास आल्टर्नेटर म्हणतात. तें पट्ट्यानें फिरतें. पट्टा सैल वा गुळगुळीत झाला कीं घसरतो. तो ठीक असेल, तर इंजिन चालूं असतां आल्टर्नेटरच्या टोंकावर दाब मोजावा. तेथें १४ च्या वर आणि बॅटरीवर १२.४ असा भेद दिसला, तर दोष मधल्या तारेंत, फ्यूजमध्यें किंवा सांध्यांत आहे. मल्टीमीटरची एक तार आल्टर्नेटरच्या धन टोंकावर व दुसरी बॅटरीच्या धन टोंकावर ठेविली, तर वाटेंत हरवलेला दाब थेट वाचतां येतो. तो पाव व्होल्टाहून अधिक असूं नये. ऋण बाजूही अशीच तपासावी. आल्टर्नेटरवरही आंकडा चढत नसेल, तर मात्र तें यंत्र मिस्त्रीकडे द्यावें.

बोटीवर सांधे लवकर बिघडतात, याला कारण आहे. इंजिनाच्या कंपानें पेंच सैल होतात, आणि ओलाव्यानें तांब्यावर हिरवा गंज चढतो. कोंकणच्या खाऱ्या पाण्यांत हें फार झपाट्यानें होतें. नर्मदेचें पाणी गोडें असलें तरी दंव व पाऊस आहेतच. दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, तर प्रथम तोच सांधा उघडून पाहावा. बॅटरीचीं टोंकें खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावीं (तें पाणी कप्प्यांत जाऊं देऊं नये), कोरडीं करून घांसावीं, पेंच घट्ट आवळावे व वरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. इतक्यानेंच पुष्कळदां काम भागतें. सोलर प्लेटवर धूळ आहे काय, छपराच्या खांबाची सावली पडते काय, हेंही पाहावें. एका कोपऱ्यावरील सावलीनें सबंध प्लेटची वीज पुष्कळ घटूं शकते.

वीज बॅटरीपर्यंत येते, पण टिकत नाहीं, असें असेल तर बॅटरीकडे वळावें. झांकणाची बॅटरी असल्यास पाण्याची पातळी पाहावी. पत्रे उघडे पडले असतील तर डिस्टिल्ड पाणी घालावें, विहिरीचें किंवा नदीचें कधींही घालूं नये. मग पूर्ण भरून हायड्रोमीटरनें प्रत्येक कप्प्यांतील अम्लाचें विशिष्ट गुरुत्व मोजावें. भरलेल्या कप्प्यांत तें १.२५ ते १.२८ असतें, रित्यांत १.१५ च्या खालीं जातें. पांच कप्पे सारखे आणि एकच फार हलका निघाला, तर ती बॅटरी खरोखरच निकामी झाली. आतां नवी घेण्यास हरकत नाहीं. सहाही सारखेच हलके असतील, तर ती अर्धपोटीं राहिली आहे. मंद गतीनें दीर्घकाळ भरून पुन्हां पाहावें. रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेविली कीं पत्र्यांवरील पांढरा थर कठीण होतो व मग तो सहसा सुटत नाहीं. संध्याकाळीं भरलेली बॅटरी कांहीं न लावतां सकाळीं रिती सांपडली, तर ऋण तार काढून एक रात्र ठेवावी. आतां ती भरलेली राहिली, तर चोर बाहेर आहे. बहुधा पाणी उपसणाऱ्या पंपाचा अडकलेला स्विच.

कांहीं सूचना जिवाशीं निगडित आहेत. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो. हवेंत तो शेंकडा चार भाग मिसळला कीं ठिणगीनें भडकतो. म्हणून पेटी हवेशीर असावी, आणि तिच्याजवळ विडी वा चिमणी नेऊं नये. तारा सोडतांना ऋण तार आधीं काढावी व जोडतांना शेवटीं लावावी. अम्ल अंगावर उडालें तर लगेच भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेल्यास धूत राहून त्वरित डॉक्टर गांठावा. आणि “बघूं, आल्टर्नेटर चालतो कीं नाहीं” म्हणून चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची जी खोड आढळते, ती सर्वथा वर्ज्य समजावी. त्यानें चांगला आल्टर्नेटर क्षणांत जळूं शकतो.

केरळांत वैकम व तवणक्कडवू यांमध्यें २०१७ च्या जानेवारीपासून ‘आदित्य’ नांवाची नाव सूर्याच्या विजेवर पंचाहत्तर उतारूंची ने-आण करूं लागली. तेथें दिव्यापुरती नव्हे, तर नाव चालविण्याची सारी शक्तिच बॅटरींतून येते. उद्यां आपल्याकडेही अशा नावा आल्या, तर त्यांची देखभाल करणारीं माणसें आपल्याच पाड्यांतून निघालीं पाहिजेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांचे नातलग नर्मदेच्या कांठीं राहतात. सुटींत तिकडे गेलांत म्हणजे नावाड्यास एक वही करून द्या. आठवड्यांतून एकदां तींत चार गोष्टी लिहाव्या : विसांव्यानंतरचा दाब, इंजिन चालूं असतांचा दाब, पाण्याची पातळी आणि सांध्यांची स्थिति. दाब थोडा थोडा उतरूं लागला, तर दिवा मालवण्याच्या कित्येक दिवस आधीं तें वहींत दिसेल. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलगा अथवा मुलगी मीटर घेऊन बसली असतां तिला खेळ समजून उठवूं नये. त्या आंकड्यांवर एखाद्या रात्रीं कोणाचा तरी प्रवास अवलंबून असेल.